कपाळावरचा वाल

मावशी, त्या शनिवारी तुझा दिवा लावायला मला उशीर झाला. कुकरची शेवटची शिटी व्हायची होती म्हणून थांबले, एवढंच. शनिवार तुम्हा ज्यू लोकांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी तू बटणाला हात लावायची नाहीस आणि मला लाव असंही कधी म्हणायची नाहीस. सांगायचं नसतं म्हणायचीस, तू आपली आलीस नि लावलास तर लावलास. तर मी आपली आले. तुमच्या चौकटीवरच्या, आत प्रार्थना लिहिलेल्या त्या तिरक्या डबीला सवयीने बोट लावून ओठाला टेकवलं, आत हात घालून बटण दाबलं, आणि आधी मला पलू दिसली.

चटईवर उताणी पडलेली. हात अंगाला चिकटलेले, डोळे मिटलेले, कपाळावर वालाचा एक दाणा. तिच्या उशाशी खुर्चीत तू, मान जराशी कलती, हात मांडीवर. मला वाटलं, डुलकी लागली. चहा ठेवू का म्हणून विचारलंसुद्धा. पलू ओठ न हलवता बोलली.

"आई, बोलू नको. मावशी थांबलीय. वाल पडला नाही तरी थांबलीय."

ती तशी किती वेळ पडून होती, मला अजून कळलेलं नाही. खूप वेळ, एवढंच म्हणते. डॉक्टर म्हणाले, चारच्या सुमारास हृदय बंद पडलं असावं, त्रास झाला नसेल. चार ते साडेसहा, मावशी. पोर घाबरली नव्हती गो, ती वाट बघत होती. घाबरले ती मी, आणि तेव्हापासून घाबरलेलीच आहे. पोळी तव्यावर काळी होईस्तोवर मी खिडकीतून तुझ्या बंद दाराकडे बघत असते. हे कंपनीतून शिफ्ट संपवून येतात तेव्हा दाराची कडी वाजली तरी दचकते.

आज नऊ दिवस झाले. तुझ्या मुलाला इस्रायलला फोन लागायलाच अर्धी सकाळ गेली, त्याला पोचणं शक्य नव्हतं. तुमच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात हे तेव्हा कळलं. पेणहून तिघं आले, अलिबागकडून पाच, इथे रोह्यात उरलेला एक. नऊ. यांना वाटलं एक कमी पडतोय, म्हणून हे टोपी घालून रांगेत जाऊन उभे राहिले. त्यातल्या म्हाताऱ्या काकांनी यांच्या खांद्यावर हात ठेवून इतक्या मायेनं बाजूला केलं, की यांना समजलंच नाही आपलं काय चुकलं. दहावाही तुमच्यातलाच लागतो. दहावा माणूस दुपारी मोटारसायकलवरून आला. तुला किती हसू आलं असतं. मी मात्र त्या नऊ माणसांकडे बघत होते आणि डोक्यात एकच, की बुधवारी पलूचं कसं होणार.

परवा बुधवार. डाव्या डोळ्यात धरलेला मोतीबिंदू काढून आत भिंग बसवायचं आहे, मुंबईला. नंतर पंधरा दिवस पळायचं नाही, वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, टीव्ही नाही, आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही. सात वर्षांच्या पोरीने. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आमचं काम, पंधरा दिवस तुमचं. मी मान हलवली होती ती तुझ्या जिवावर. तुला विचारलंही नव्हतं, गृहीतच धरलं होतं. आणि तू तर दर शनिवारी तिला चटईवर निजवून तिची तयारीही सुरू केली होतीस.

गेल्या मे महिन्यातलं तुला काय सांगू, तुझ्या डोळ्यांसमोरच झालं सगळं. पण एक गोष्ट तुझ्यासमोर झाली नाही, आणि तीच मी तुला सांगितली नाही. आता तू ऐकणार नाहीस म्हणून सांगायचं धाडस होतंय. अशी मी धीट.

शेजारच्यांकडे केबल आली आणि सुट्टीत पलू सकाळपासून त्यांच्या उंबऱ्यात जाऊन बसायला लागली. घरातला टीव्हीही चालूच. माझं डोकं फिरलं. एका सकाळी मी टीव्हीवर चादर टाकली आणि म्हटलं, सुट्टी संपेपर्यंत ही निघणार नाही. सासूबाई म्हणाल्या, मोठी आली टीव्ही बंद करणारी, पोरीला दिवसभर कशात गुंतवणार आहेस? मी माहेरी पेणला गेले आणि कारखान्यातून शाडूची माती घेऊन आले. गणपतीच्या कारखान्यात वाढलेली बाई मी, आम्हाला कोणी कधी खेळणी आणून दिली नाहीत. मातीचा गोळा दिला की दिवस जायचा. आणि मातीबरोबर मी दादांची बांबूची कोरणी आणली. सोंडेच्या वळ्या कोरतात ती, पुढून निमुळती.

सासूबाई म्हणाल्या होत्या, हे हत्यार पोरीच्या हातात देऊ नको. मी म्हटलं, आम्ही पाच वर्षांच्या होतो तेव्हापासून वापरतो. खरंच वापरत होतो. पण आम्ही एका जागी बसून वापरत होतो, आणि आमच्या शेजारी केबल नव्हती. चार वाजता शेजारून पलूच्या आवडत्या मालिकेचं संगीत ऐकू आलं. ती उठली, हातात कोरणी तशीच, आणि पळाली. उंबऱ्याला पाय अडकला.

मी सगळ्यांना सांगितलं, कुंपणावरच्या जास्वंदीची काडी लागली. यांना सांगितलं, सासूबाई देवळात गेल्या होत्या त्यांना सांगितलं, मुंबईच्या डॉक्टरांना सांगितलं, तुला सांगितलं. कोरणी चुलीत घातली. आणि त्या जिवाच्या तुकड्याला, डोळ्याला फडकं धरून रडत असताना, रिक्षात बसवता बसवता सांगितलं, कोणी विचारलं तर जास्वंद म्हणायचं हां. तिने मान हलवली. माझी आई असली बाई आहे, हे तिला सहाव्या वर्षी कळलं.

डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं, कशाने लागलं, नक्की काडीच का. मी नक्की म्हटलं. टाके घातले, डोळा वाचला, पण पुढे आत मोतीबिंदू धरला. तो माझ्या खोटं बोलण्याने धरला का? खरं सांगितलं असतं तर दुसरं औषध दिलं असतं का? हे कोणाला विचारायचं? विचारायला गेलं तर आधी खरं सांगावं लागतं. आठ महिने मी ह्या एका प्रश्नाभोवती फिरतेय.

तेव्हा पहिला आठवडा दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. घरी सासूबाईंची चिडचिड, माझी रडारड, आणि पोर पट्टी ओढायला बघायची. तिसऱ्या दिवशी तू दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "नंदे, पोरीला माज्याकडं दे. तुज्या घरात भीती लय झालीय." तुम्ही बसा ना, तुम्हाला कशाला त्रास, असं काहीतरी मी पुटपुटले. तू मला झापलंस, तुम्ही तुम्ही काय करतेस, मी काय तुझी सासू हाय? त्या दिवसापासून तू माझी तू झालीस.

तुझ्याकडे टीव्ही नव्हता, कधीच नव्हता. मुलांना रिझवायला लागतं ते सगळं तुझ्या स्वयंपाकघरात होतं, ते मला तोवर दिसलं नव्हतं. पलूला भिंतीला टेकवून बसवायचीस आणि मोड आलेल्या वालांची परात मांडीवर द्यायचीस. चिमटीत धरून दाबलं की दाणा टुण्णकन बाहेर. डोळे लागतातच कशाला? दुसऱ्या दिवशी डब्यांचा खेळ. ओवा, वेखंड, सुकट, गूळ, झाकण उघडून नाकाशी धरायचं आणि तिने ओळखायचं. सुकटीचा डबा तू मुद्दाम मधेच काढायचीस आणि ती ईईई करायची की तू खूश. तिसरा खेळ गल्लीचा. बाहेरून कोण चाललंय ते चपलेच्या आवाजावरून सांगायचं. ती इतकी तरबेज झाली की माझी पावलं ओळखून म्हणायची, आई आलीय आणि रडून आलीय.

मग गल्लीतली पोरं यायला लागली. पलूला एकटीला आंधळं वाटू नये म्हणून तू सगळ्यांच्या डोळ्यांना तुझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधायचीस. केबल घेतलेल्या शेजाऱ्यांची दोन्ही पोरं टीव्ही चालू सोडून तुझ्या पडवीत डोळे बांधून बसलेली मी पाहिलीत. एकमेकांच्या पाठीवर बोटाने अक्षरं काढायची, ओळखायची. तुमचा प्रसादाचा मलिदा करायचा होता त्या दिवशी मी पेणचे पोहे आणून दिले आणि तू ते भिजवून सगळ्यांचे हात परातीत घातलेस. नारळ कुठला, साखर कुठली, नुसत्या बोटांनी. अर्धा मलिदा बोटांवरच संपला. तू ओरडली नाहीस, फक्त पुन्हा पोहे भिजवलेस.

आणि सगळ्यात अवघड खेळ हा वालाचा. दुपारी दोन तास पलूने उताणं पडायचं, हलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी दटावून, रडून, लाच देऊन थकले होते. तू तिच्या कपाळावर सुका वाल ठेवलास आणि नियम सांगितलास. वाल कपाळावर आहे तोवर गोष्ट चालू. वाल पडला की गोष्ट बंद, जिथं असेल तिथं, उद्यापर्यंत. पहिल्या दिवशी तीनदा पडला. चौथ्या दिवशी तास गेला तरी हलला नाही. मी दाराआडून बघत होते.

गोष्ट तुमच्याच लोकांची. फार पूर्वी जहाज आलं, किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. पण पलूसाठी तू त्यात एक पोरगी घातलीस, जी कोणाच्या मोजणीत नव्हती. ती एका फळीला धरून समुद्रात राहिली. तुमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ती कधी नव्हती हे तूच मला हसत सांगितलंस. ती पोरगी आठ महिने पाण्यात होती, मावशी. मध्ये मासा भेटला, वादळ झालं, एकदा गलबत दिसून गेलं. तू तिला किनाऱ्याला लागूच देत नव्हतीस. मी म्हटलं, आता लाव गो तिला काठाला. तू म्हणालीस, दुसरं ऑपरेशन होऊ दे, मग लावते.

आपलं एक भांडण मात्र राहिलं. पट्टी होती तेव्हाच उरलेल्या शाडूचा पलूने तुझ्या पडवीत हातांनी चाचपून गणपती केला. सोंड, कान, पोट, सगळं आलं. तुमच्या घरात मूर्ती चालत नाही हे मला माहीत होतं, आणि वर तो वार शनिवार. मी तो उचलायला धावले. तू मला थांबवलंस आणि तो घराबाहेर ओट्याच्या कोनाड्यात ठेवायला लावलास, वर उन्हाला आडोसा म्हणून केळीचं पान. म्हणालीस, माझ्या दाराच्या आत नाय, पण पोरीच्या हातचं फेकायचं पण नाय. मी म्हटलं, अगं त्याला डोळे नाहीत. आमच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय मूर्ती पुरी होत नाही, लग्नाआधी ते काम मीच करायची. तू म्हणालीस, मग काढ की. मी म्हटलं, हात कापतो. तू म्हणालीस, हात कापतो की आणखी काय ते सांगशील तेव्हा काढ. मला राग आला. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तो गणपती अजून कोनाड्यात आहे, बिनडोळ्यांचा.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पलू तुझ्याकडे यायला लागल्यापासून तुझ्या घरातली विणायची सुई, सुरी, नारळ सोलायचा कोयता, सगळं कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं होतं. जास्वंदीची काडी लागलेल्या पोरीसाठी कोणी सुया लपवतं का? पण मी बघूनही बघितलं नाही. दर शनिवारी दिवा लावायला यायची तेव्हा वाटायचं, आज सांगू. बटण दाबायची, उजेड व्हायचा, तुझा चेहरा दिसायचा, आणि मी विचारायची, चहा ठेवू का.

तू गेल्यापासून पलू झोपत नाही नीट. उताणी तर होतच नाही. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करते. मी तीनदा वाल घेऊन गेले, तिने तिन्ही वेळा उडवून लावला. सासूबाई म्हणाल्या, टीव्ही लावून दे, गप पडेल. डॉक्टरांनी नाही म्हटलंय तेच. हे म्हणाले, ऑपरेशन पुढे ढकलू. पण पुढे ढकलून तू परत येणार आहेस का? आणि डॉक्टरांनी बजावलंय, फार दिवस गेले तर त्या डोळ्याची सवयच जाईल बघायची. इकडे आड, तिकडे विहीर. मी रात्रंदिवस ते पंधरा दिवस डोक्यात जगून बघते, आणि प्रत्येक वेळी ती रडते, डोळा चोळते, आणि माझ्यामुळे दुसऱ्यांदा सगळं जातं.

काल रविवार. दुपारी हे झोपले होते, सासूबाई निडीला त्यांच्या बहिणीकडे गेलेल्या. मी पुन्हा चटई घातली. म्हटलं, पलू, ये, मी सांगते त्या पोरीची गोष्ट. ती आली, पडली, मी वाल ठेवला. फळीवर पोरगी होती, मी सुरू केलं, आणि पुढे काय ते मला सुचेना. तुझा आवाज आठवायला गेले आणि माझा फुटला. पलूने कपाळावरचा वाल उचलला, उठून बसली, माझ्याकडे बघितलं.

"तू हलतेस," ती म्हणाली. "तू झोप."

मी झोपले. चटईवर, साडी सावरून, बेचाळीस किलोची बाई लाकडासारखी. तिने वाल माझ्या कपाळावर ठेवला. केवढासा तो, मावशी, पण त्याच्याखाली हलायची सोय नाही, बोलायची सोय नाही. माझ्या पोरीने आठ महिने काय केलं ते मला पाच मिनिटांत कळलं. ती उशाशी बसली, तुझ्यासारखी, हात मांडीवर घेऊन, आणि खालच्या आवाजात बोलायला लागली.

म्हणाली, त्या शनिवारी मी मावशीला सांगितलं. जास्वंद नव्हती, कोरणी होती, मी पळत होते, आणि आईने सांगितलं होतं असं म्हणायचं. मला वाटलं मावशी रागावेल.

माझे डोळे वाहायला लागले. पाणी कानांत जात होतं. मी हलले नाही.

"मावशी म्हणाली, 'ठाऊक हाय मला. भ्यायलीय गो तुजी आय. तिला पण एकदा असं निजव, वाल ठेवून.' मग तिने गोष्ट सुरू केली. आणि मग थांबली." पलू माझ्यावर वाकली. "आई, मी सांगितलं म्हणून थांबली का ती?"

आठ दिवस हे पोटात घेऊन ती भिंतीकडे तोंड करून पडत होती. आणि मला वाटत होतं, भीती फक्त मलाच कळते.

मला उठून तिला कवटाळायचं होतं. पण वाल होता. मी फक्त डावा हात सरकवला, तिच्या पाठीवर नेला आणि बोटाने एक एक अक्षर काढलं, तुझ्या पडवीत पोरं काढायची तसं. ना. ही. तिने वाचलं. मग तिने तोंडाने पुन्हा म्हणून बघितलं, नाही. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, गप पड, हाताने पण नाही हलायचं.

आणि गोष्ट पुढे सुरू झाली. फळीवरच्या पोरीला काठावरची कुत्री भुंकताना ऐकू आली, म्हणजे किनारा जवळ आला. अंधार होता, काही दिसत नव्हतं, पण तिला कानाने सगळं कळायचं. तिने आवाजाच्या दिशेने पाय मारले. पाण्याखाली वाळू लागली. मग ती उभी राहिली, कमरेइतक्या पाण्यात. वाल पडला नाही, मावशी. मीच नंतर बोटांनी उचलला, ती थकून माझ्याच बाजूला उताणी झोपून गेली तेव्हा.

संध्याकाळी मी यांना सांगितलं. कोरणीचं, जास्वंदीचं, सगळं. हे उठून बाहेर गेले आणि तासाभराने आले. अजून नीट बोलत नाहीत. बुधवारी डॉक्टरांना सांगणार आहे, ऑपरेशनच्या आधी, काय बोलतील ते बोलू देत. भीती गेलेली नाही. आत्ता लिहितानाही अक्षर हलतंय, बघ. डोळ्याचं काय होईल, मला माहीत नाही.

आज सकाळी तुझ्या ओट्यावर गेले होते. काळ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश बरोबर होता. कोनाड्यातल्या त्या गणपतीचे डोळे काढले. हात कापला, त्यामुळे डावा जरा तिरका झालाय. पलूला दाखवला तर म्हणाली, असू दे, दिसतंय त्याला.

उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. तुझ्या डब्यातला एक वाल पदराच्या गाठीत बांधून घेतलाय. एकच घेतला होता. पलूने गाठ सोडून दुसरा घातला, आई, हा तुझ्यासाठी, म्हणाली.